शॉर्टकट बदलायची सोय जरा हाताशी ठेवा की!

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात अधूनमधून कॉम्प्युटरची एक चौकट येते, "हे शॉर्टकट पाठ करा आणि वेळ वाचवा" अशी, कंट्रोल सी म्हणजे कॉपी, कंट्रोल व्ही म्हणजे पेस्ट, कंट्रोल पी म्हणजे प्रिंट, आणि दरवेळी ती वाचून मला वाटतं की अहो पाठ करा पाठ करा किती वर्षं सांगणार, कधीतरी हेही छापा की हे शॉर्टकट बदलता येतात, आणि जिथे येत नाहीत तिथे का येत नाहीत ते कोणीतरी विचारा. शेवटी म्हटलं आपणच लिहावं. पत्र लांबलंय, कापायचं तिथे कापा, पण करंगळीचा भाग ठेवा.

मी ठाण्यात चरईत डीटीपीचं, म्हणजे छापायचा मजकूर कॉम्प्युटरवर मांडून द्यायचं, काम करते. गाळा छोटा आहे, दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर, एक झेरॉक्स मशीन आणि बाहेर अखंड रिक्षांचे हॉर्न. लग्नपत्रिका, मुंजीची आमंत्रणं, सोसायट्यांचे वार्षिक अहवाल, गणपतीत मंडळांची पावतीपुस्तकं, कोणी गेलं की श्रद्धांजलीचा बोर्ड, निवडणूक आली की पत्रकं, जे येईल ते. २४ वर्षं झाली. त्याच्या आधी नौपाड्यात क्लासला जाऊन मराठी टायपिंगच्या ३० आणि ४० च्या परीक्षा दिल्या होत्या, गोदरेजच्या लोखंडी मशीनवर, त्यामुळे बोटांना सवय लागणं म्हणजे काय हे मला कोणी समजावून सांगायची गरज नाही.

आता मुद्द्याचं. आमच्या धंद्यात 'कर्व्ह करणं' म्हणून एक प्रकार असतो. पत्रिका तयार झाली की फाइल प्रेसला जाते, आमची प्रेस तुर्भ्याला आहे, आणि तिथल्या कॉम्प्युटरवर आपला मराठी फाँट असेलच असं नाही, नसला की 'चि. सौ. कां.'च्या जागी चौकोन नाहीतर भलतीच इंग्रजी अक्षरं उमटतात, म्हणून पाठवायच्या आधी सगळी अक्षरं कर्व्ह करायची, म्हणजे अक्षराचं अक्षरपण काढून त्याचं चित्र करून टाकायचं. कोरल ड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमधे याला कंट्रोल क्यू. दिवसातून पन्नासएक वेळा माझा डावा हात कंट्रोल क्यू करतो. मी करत नाही, हात करतो. आणि फोटोशॉप, इलस्ट्रेटर, इनडिझाइन, पूर्वीचं पेजमेकर, यांच्यात कंट्रोल क्यू म्हणजे काय? दुकान बंद, शटर खाली. प्रोग्रॅममधून बाहेर.

तुळशीचं लग्न होऊन आठवडा झाला होता, म्हणजे आमच्याकडे गाळ्यात उभं राहायला जागा नाही अशी अवस्था. एक गृहस्थ मुलीच्या पत्रिकेसाठी खुर्चीला टेकून उभे होते आणि निमंत्रकांची नावं सांगत होते, आधी मोठ्या काकांचं घ्या, नको आत्याचं घ्या, आत्या रुसेल, मग परत काकांचं. मी दुसऱ्या एका सॉफ्टवेअरमधे काम करत होते (नाव घेत नाही, त्याची काही चूक नाही म्हणा किंवा आहे म्हणा). चाळीस मिनिटं झाली होती, गणपती छान बसला होता, बॉर्डर बसली होती. झालं एकदाचं म्हणून हात गेला कंट्रोल क्यूवर. त्याने विचारलं सेव्ह करू का, आणि त्याच क्षणी ते गृहस्थ म्हणाले "नाही नाही, आत्याच आधी" आणि मी ते ऐकून 'नो' दाबलं. तुम्ही हसाल. मी पण आता हसते. त्या दिवशी मात्र रात्री साडेदहापर्यंत बसून परत केलं.

माझी चूक? असेल, मधे मधे सेव्ह करायला पाहिजे होतं. पण मला एक सांगा, एकच माणूस, एकच हात, एकच टेबल, आणि शेजारी शेजारी उघडलेल्या दोन खिडक्यांत एकाच दोन कीजचा अर्थ एकीकडे 'अक्षरं पक्की कर' आणि दुसरीकडे 'बाहेर हो', हे कुठल्या हाताने लक्षात ठेवायचं?

दुसऱ्या दिवशी भाच्याला फोन केला. तो ऐरोलीला आयटीत आहे, डेस्कटॉपचीच सॉफ्टवेअर लिहितात ते. तो म्हणाला, "मावशी, अगं एडिट मेन्यूत जा, एकदम खाली बघ, कीबोर्ड शॉर्टकट्स लिहिलंय का?" लिहिलेलं होतं. मी ते सॉफ्टवेअर किती वर्षं वापरतेय आणि त्या मेन्यूच्या तळाला कधी गेलेच नव्हते, तिथे जायचं कारणच काय, आपण कट-पेस्ट करायला एडिटमधे जातो तेही जात नाही, हाताने करतो. त्या यादीत जाऊन मी बाहेर पडायचा शॉर्टकट चक्क पुसून टाकला. आता तिथे कंट्रोल क्यू दाबलं की काहीच होत नाही. ते काहीच न होणं इतकं सुखाचं आहे म्हणून सांगू.

तर सोय असते बऱ्याच ठिकाणी, हे मला त्या दिवसापासून कळत गेलं, पण ती कुठे ठेवलीय बघा. वर्डमधे बदलता येतात, कसे, तर फाइलमधे जा, ऑप्शन्समधे जा, तिथे कस्टमाइझ रिबन नावाचं काहीतरी आहे, रिबन म्हणजे वरची पट्टी, तिचा आणि कीबोर्डचा संबंध काय असं वाटून कोणी उघडणार नाही, पण तिथेच खाली डाव्या कोपऱ्यात बटण आहे. त्यामानाने वर्डमधेच इन्सर्ट सिम्बॉलमधे एक 'शॉर्टकट की' बटण आहे ते बरं, मी तिथे ॥ या दोन दंडांना एक शॉर्टकट देऊन ठेवलाय, '॥ श्री ॥' दिवसाला किती लागतात विचारू नका. वर्डसारखंच लिबर ऑफिस आहे, त्यात टूल्समधे कस्टमाइझ, तिथे कीबोर्डचं वेगळं पान, आणि केलेले बदल फाइल करून सेव्ह करता येतात, दुसऱ्या कॉम्प्युटरवर लोड करता येतात, हे मला फार आवडलं आणि तो तर फुकट आहे. मॅकवाल्यांना तर सिस्टीमच्या सेटिंगमधून कुठल्याही ॲपच्या कुठल्याही मेन्यूला आपला शॉर्टकट देता येतो, फक्त मेन्यूचं नाव अक्षरशः जसंच्या तसं टाइप करावं लागतं, शेवटी तीन टिंबं असतील तर ती टिंबंसुद्धा. आणि क्रोम ब्राउझरमधे गंमत अशी की वरून घातलेल्या एक्स्टेन्शनचे शॉर्टकट बदलता येतात, पण खुद्द ब्राउझरचे नाही, भाडेकरूला भिंत रंगवायची परवानगी आहे आणि मालकाला नाही असा प्रकार.

भाचा सांगतो की प्रोग्रॅमर लोक वापरतात त्या व्हीएस कोडमधे सगळ्या शॉर्टकटची यादीच समोर येते, शोधता येते, एवढंच नाही तर की दाबून दाखवली की ती कशाकशाला लावलीय ते सांगतं, आवडत नसेल तर तिथल्या तिथे बदला. वा! म्हणजे स्वयंपाकघरात वाढपी स्वतःच्या ताटात तूप ओतून घेतात आणि पंगतीला कोरडा भात.

आणि हे जमत नाही असं नाही हो. गरज असली की सगळं जमतं. इनडिझाइनमधे बघा कधी, त्यात शॉर्टकटचे तयार संच दिलेत, एक क्वार्क एक्सप्रेसवाल्यांसाठी आणि एक पेजमेकरवाल्यांसाठी. का? कारण तेव्हा पानं लावणारी सगळी दुनिया क्वार्कवर बसली होती, तुमच्याच पेपरात जुनी मंडळी असतील त्यांना विचारा, आणि त्यांना उठवून आपल्याकडे आणायचं तर त्यांच्या हातांना त्रास देऊन चालणार नव्हतं. एक्सेलमधे आजही ऑप्शन्समधे खूप खाली लोटस १-२-३ च्या सवयींसाठी सेटिंग आहे, लोटस कुठल्या जमान्यातलं, पण तेव्हा हिशेबवाले त्यावर होते आणि त्यांना ओढायचं होतं. म्हणजे गिऱ्हाईक दुसऱ्याचं असतं तेव्हा "तुमच्या हाताला जी सवय आहे तीच ठेवा हं", आणि एकदा आपलं झालं की "आता आम्ही देऊ ते पाठ करा". गरज सरो वैद्य मरो.

बरं हे ठरवून दिलेले शॉर्टकट म्हणजे काही वेदवाक्य आहे का? कट, कॉपी, पेस्ट ही कल्पना झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात आकाराला आली, हो, तीच झेरॉक्स जिच्या नावाच्या पाट्या आपण प्रत्येक नाक्यावर लावतो, तिथे लॅरी टेस्लर नावाचे गृहस्थ होते, ते पुढे ॲपलमधे गेले आणि १९८३ च्या ॲपल लिसा कॉम्प्युटरवर झेड, एक्स, सी, व्ही ही चौकडी आली (झेड म्हणजे केलेलं मागे घेणं). निवड झकासच आहे, खालच्या ओळीत चौघं शेजारी शेजारी, डाव्या हाताला, उजवा हात माऊसवर. पण जर्मन कीबोर्डवर वाय आणि झेडची अदलाबदल असते, म्हणजे तिकडच्या माणसाचा झेड वरच्या ओळीत पार मधे जाऊन बसतो, गेली ती शेजारीण. दुसरं, कंट्रोल ऑल्ट डिलीट. बिल गेट्स स्वतः २०१३ मधे हार्वर्डमधे म्हणाले की विंडोजमधे लॉगिनला ते ठेवणं ही चूक होती, एकच बटण हवं होतं पण आयबीएमवाले द्यायला तयार नव्हते. करणारेच म्हणतायत चुकलं, आणि आपण इथे एमएस-सीआयटीच्या पुस्तकातून घोकतोय.

आता मराठीचं सांगते, कारण हे मराठी पेपरातच लिहिण्यासारखं आहे. माझ्याकडे कामाला जी मुलगी आहे ती कळव्याहून येते, ती इनस्क्रिप्ट, म्हणजे कीबोर्डवरची मराठी अक्षरांची एक ठरलेली मांडणी, शिकून आलीय, इंग्रजी टायपिंग तिचं नसल्यासारखंच. पहिल्या दिवशी मी म्हटलं कंट्रोल सी कर, तर ती सी शोधत बसली. दोन दिवसांनी बघते तर तिने मॉनिटरच्या कडेला एक चिठ्ठी चिकटवलेली, त्यावर लिहिलंय: 'कंट्रोल म - कॉपी. कंट्रोल न - चिकटव. कंट्रोल अनुस्वार - काप. कंट्रोल मात्रा - सेव्ह. कंट्रोल ज - प्रिंट.' मी आधी हसले आणि मग गप्प झाले. कारण बरोबर आहे तिचं. इनस्क्रिप्टमधे सी च्या जागी म आहे, व्ही च्या जागी न, एक्स ला अनुस्वार, एस ला एक मात्रा, पी ला ज. आपल्याला वाटतं कंट्रोल पी म्हणजे प्रिंट हे किती सोपं, पी फॉर प्रिंट, पण तो पी ज्याच्या बोटात नाही त्याला कंट्रोल ज आणि प्रिंट यांचा काय संबंध? काही नाही. तिने सगळं नुसतं घोकलं. तिला जर म्हटलं असतं की बाई तुला छपाईला कंट्रोल छ ठेवायचंय का, ठेव, तर काय आकाश कोसळणार होतं?

आणि आपल्याकडे हा प्रश्न नवीन आहे असं कोणी म्हणू नये. मराठी टायपिंगमधे कितीतरी वर्षं हेच चाललंय की! कोणाचा हात टाइपरायटरच्या पद्धतीचा, कोणाचा इनस्क्रिप्टचा, आजकालची पोरं फोनेटिकवाली, के दाबलं की क. मराठी सॉफ्टवेअर विकणाऱ्यांनी कधी भांडण केलं नाही, तुला कुठला लेआउट हवा तो घे म्हणाले, कारण नाहीतर धंदा झालाच नसता. अक्षर कुठल्या कीवर हे ज्याच्या त्याच्या हातावर सोडलं तर मग आज्ञा कुठल्या कीवर हे का नाही सोडायचं, एवढाच माझा प्रश्न आहे. याची उलटी बाजूही भोगलीय. आमच्या एका जुन्या फाँटच्या सॉफ्टवेअरमधे मराठी-इंग्रजी बदलायला स्क्रोल लॉक दाबायचा. नवीन लॅपटॉप आणला तर त्यावर स्क्रोल लॉकच नाही. ती सेटिंग बदलायची सोय शोधून शोधून थकले, शेवटी लॅपटॉपला बाहेरून मोठा कीबोर्ड जोडला आणि ४२ हजारांच्या लॅपटॉपवर ४०० रुपयांचा कीबोर्ड आडवा टाकून काम केलं.

आता करंगळी. दीड वर्षापूर्वी डाव्या हाताची करंगळी सकाळी वाकायची आणि सरळ व्हायची नाही, दुसऱ्या हाताने ओढून सरळ करायची, कट् असा आवाज यायचा. डॉक्टरांनी विचारलं काय करता, म्हटलं कंट्रोल दाबते. त्यांना वाटलं मी थट्टा करतेय. कोपऱ्यातल्या कंट्रोलवर करंगळी दाबून धरायची आणि बाकीची बोटं ताणून क्यू नाहीतर टी गाठायचा, दिवसभर, २४ वर्षं. ते म्हणाले करंगळीला विश्रांती द्या. आता लग्नसराईत विश्रांती कुठून देऊ? भाच्याने मायक्रोसॉफ्टचंच पॉवरटॉइज नावाचं फुकटचं काहीतरी घालून दिलं आणि त्यातून कॅप्स लॉकला कंट्रोल करून टाकलं. मला तर हसूच आलं, कारण मराठीत कॅपिटल अक्षरं असतात कुठे? अख्ख्या कीबोर्डवरची इतकी मोक्याची जागा, इतकी लांबरुंद की, आणि मराठी टाइप करणाऱ्याला तिचा उपयोग शून्य. आता करंगळी जागची हलत नाही. कट् आवाज बराच कमी झालाय, पूर्ण गेला नाही.

पण बघा, हे मला भाचा आहे म्हणून झालं. ज्याला भाचा नाही त्याने काय करायचं? आणि ज्याला एकच हात चालतो त्याने? पक्षाघातातून उठलेला माणूस परत हिशेब लिहायला बसतो तेव्हा कंट्रोल शिफ्ट ऑल्ट आणि वर एक अक्षर अशी चार बोटांची कसरत त्याने कशी करायची? विंडोजमधे स्टिकी कीज आहे, शिफ्ट पाच वेळा दाबली की येतं, म्हणजे कीज एकेक करून दाबता येतात, आम्हाला ते कायम चुकून येतं आणि आम्ही वैतागून बंद करतो, पण ज्याला लागतं त्याला लागतं. तरी ते सगळ्या कीजना एकच औषध झालं. दृष्टिहीन लोक वापरतात त्या एनव्हीडीए नावाच्या फुकटच्या स्क्रीन रीडरमधे (स्क्रीनवरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) मात्र आज्ञा कुठल्या कीजवर ठेवायच्या ते माणसाला स्वतःला बदलता येतं, त्यासाठी वेगळा डायलॉगच, म्हणजे सेटिंगची छोटी खिडकी, दिलाय. वेबसाइटसाठी जे जागतिक नियम आहेत डब्ल्यूसीएजी म्हणून, त्यात २०१८ मधे एक कलम घातलं, की नुसत्या एका अक्षराचा शॉर्टकट ठेवणार असाल तर तो बंद तरी करता आला पाहिजे, नाहीतर बदलता तरी आला पाहिजे, किंवा त्या भागात असतानाच चालला पाहिजे. कारण काय, तर जे बोलून टाइप करतात ते एखादा शब्द बोलतात आणि त्यातली अक्षरं शॉर्टकट म्हणून उडायला लागतात, पत्र लिहायला जावं आणि मेल डिलीट व्हावी. आपल्याकडेही २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे. मग सॉफ्टवेअर विकताना हे का बघितलं जात नाही?

रविवारी भाचा जेवायला आला तेव्हा मी हे सगळं त्याच्यासमोर मांडलं, त्याने वांग्याचं भरीत संपवेपर्यंत ऐकलं आणि मग म्हणाला, "मावशी, तुझं बरोबर आहे, पण आमची बाजू पण ऐक." पहिली गोष्ट म्हणे, बहुतेक लोक काही बदलतच नाहीत, मग त्यासाठी कोड कोण लिहिणार, तपासणार कोण. मी म्हटलं आपल्या सोसायटीतल्या टाकीचा व्हॉल्व्ह वर्षातून दोनदा फिरवतात, म्हणून तो भिंतीत चिणून टाकलाय का? आणि बदलत नाहीत का, तर माहीत नाही म्हणून. मी स्वतः किती वर्षं बदलला नव्हता.

दुसरं म्हणाला, सगळे आपापलं बदलून बसले तर फोनवर मदत करणाऱ्याने काय सांगायचं, तो सांगणार कंट्रोल क्यू दाबा आणि तुझ्याकडे भलतंच होणार. हे मात्र खरं आहे. आमच्याकडेच झालं, माझ्या मशीनवर ती मुलगी बसली आणि तिला काही सुचेना. पण त्यावर उत्तर आहे ना, संच करून ठेवायचे, माझा एक तिचा एक, बसायच्या आधी आपला संच निवडायचा, फोटोशॉपमधे इनडिझाइनमधे हे असतंच, आणि मूळचा संच कायम तिथे राहतो, एका क्लिकवर परत. आणि मेन्यूत शॉर्टकट शेजारी लिहिलेला असतो तो बदललेलाच दिसला पाहिजे, मग गोंधळ व्हायचं कारण नाही.

तिसरं त्याने सांगितलं ते मला माहीत नव्हतं आणि ते ऐकून मी जरा विचारात पडले. लिनक्सवर (विंडोजच्या जागी चालणारी दुसरी सिस्टीम) आणि गिंप नावाच्या फोटोच्या प्रोग्रॅममधे एक अशी सोय होती की मेन्यू उघडायचा, हव्या त्या ओळीवर माऊस न्यायचा आणि नुसती की दाबायची, झाला तो शॉर्टकट. काय सुंदर! याच्यापेक्षा सोपं काय असणार? पण लोकांकडून चुकून व्हायला लागलं, मेन्यू उघडा असताना मांजर कीबोर्डवरून गेलं तरी शॉर्टकट बदलणार, आणि माणसाला कळणारच नाही की काय झालं, म्हणून ते मुळात बंद ठेवायला लागले, ज्याला हवं त्याने सेटिंगमधे जाऊन टिकमार्क करायची. "म्हणजे सोपं पण किती सोपं, हा प्रश्न आहे मावशी," असं म्हणून त्याने आमटी ओरपली.

मान्य. इतकं सोपं नको की मांजराने बदलावं. पण इतकं अवघड पण नको की भाचा लागावा. मेन्यूतल्या ओळीवर राइट क्लिक केलं की 'शॉर्टकट बदला' असं यावं, की दाबावी, ती आधीच कोणाला दिलेली असेल तर स्पष्ट सांगावं की ही अमक्याला दिलेली आहे, काढून घेऊ का, हो म्हटलं की झालं. हे विचारायचं काम फोटोशॉपचा, इनडिझाइनचा डायलॉग आजही करतो, फक्त तो डायलॉग तळघरात आहे. आणि सगळंच बदलू द्या असंही माझं म्हणणं नाही, कंट्रोल ऑल्ट डिलीट विंडोजने स्वतःकडे राखून ठेवलंय ते सुरक्षेसाठी आहे, ठेवू दे.

खरा राग मला वेगळ्याच गोष्टीचा आहे, अपडेटचा. एका सॉफ्टवेअरचं भाडं आम्ही दर महिन्याला भरतो, हल्ली विकत मिळतच नाही, भाड्यानेच. एका सकाळी गाळा उघडला, मशीन चालू केलं, नवीन व्हर्जन आलेलं, आणि मी जमवलेले सगळे शॉर्टकट गायब, मूळपदावर. ना विचारलं ना सांगितलं. कंट्रोल क्यू पुन्हा जिवंत. बरं तो संच फाइल करून पेन ड्राइव्हवर ठेवलेला म्हणून वाचले, तेही भाच्याने दटावून ठेवायला लावला होता. आमच्या शेजारच्या गाळ्यात हिशेब लिहिणारे काका बसतात, त्यांच्या सॉफ्टवेअरची नवीन आवृत्ती आली तेव्हा तर कंपनीनेच कीज हलवल्या, ज्या कीजवर वीसएक वर्षं क्रेडिट नोट निघायची त्या कीजवर दुसरंच व्हाउचर उघडायला लागलं. काकांचं वय ६६. ते स्क्रीनकडे न बघता, वहीत बघत एंट्री मारणारे. महिनाभर ते रोज दुपारी आमच्याकडे येऊन चहा पिता पिता शिव्या घालायचे, आणि मग त्यांनी काय केलं, तर कीबोर्डवरच्या एफच्या ओळीवर चिकटपट्टी लावून बॉलपेनने नवीन नावं लिहिली. मुलगी मॉनिटरला चिठ्ठी लावते, काका कीबोर्डला पट्टी लावतात, आणखी कोणी अकाउंटंट स्प्रेडशीटमधे एफ टू दाबताना चुकून एफ वन लागून मदतीचं पान उघडतं म्हणून ती एफ वनची कीच उचकटून ड्रॉवरमधे टाकतात (हे मी वागळे इस्टेटमधल्या एका ऑफिसात डोळ्यांनी बघितलंय, त्या जागी नुसता खड्डा होता). म्हणजे लोक बदल करतातच, तुम्ही सॉफ्टवेअरमधे करू दिला नाहीत तर स्क्रू ड्रायव्हरने करतात.

तेव्हा संपादक महाशय, पुढच्या वेळी ती चौकट छापाल तेव्हा 'पाठ करा'च्या खाली दोन ओळी घाला, वर्डमधे कुठे बदलायचे, लिबर ऑफिसमधे कुठे, आणि बदलले की फाइल कशी काढून ठेवायची. आणि तुमच्याकडे या कंपन्यांचे लोक मुलाखतीला येतात, पुरवणीत अर्धं अर्धं पान येतं, त्यांना नवीन काय आणलंत हे विचारून झालं की एवढंच विचारा की जुने शॉर्टकट अपडेटनंतर राहणार का. काय म्हणतात ते तसंच्या तसं छापा.

थांबते. बाहेर दोन पत्रिका आणि एक बारसं उभं आहे.

आपली,
एक डीटीपीवाली,
चरई, ठाणे (प.)

ता. क. : हे पत्र युनिकोडमधे, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर मराठीच दिसेल अशा पद्धतीने, पाठवतेय. मागच्या वेळी मी आमच्या नेहमीच्या फाँटमधे पाठवलं होतं तर तुमच्याकडून फोन आला होता की नुसती इंग्रजी अक्षरं दिसतायत. कर्व्ह करून पाठवलं असतं, पण मग तुम्हाला एक शब्दही कापता आला नसता.